माझा भाऊ कशाने गेला, हे सांगायचं कोणी?

प्रति,
मा. गृहमंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर

स.न.वि.वि.

सोलापुरात कोर्टाजवळ टेबल टाकून मी अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दाखल्यांच्या विनंत्या टाइप करून देते. सतरा वर्षं झाली. लोकांच्या घरातल्या मृत्यूंचे कागद रोज माझ्या हाताखालून जातात. हे पत्र मी पहिल्यांदाच माझ्या घरासाठी टाइप करते आहे, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ रात्रपाळीला गेला आणि पहाटे कारखान्यात मागाशेजारी पडलेला सापडला. वय ३४. टॉवेल विणणारा यंत्रमाग कामगार. बीपी नाही, शुगर नाही, दारू नाही. दोन मुलं, मोठी पाचवीत.

मागच्या आठवड्यात विम्यासाठी एक कागद हवा होता म्हणून मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अंमलदार बाईंनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाल्या, "ताई, ही एडी तर मार्चमध्येच बंद झाली." एडी म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल, मंजूर, घातपाताचा संशय नाही, तपास संपला. आम्हाला कोणी कळवलं नाही. मी विचारलं, मग तो गेला कशाने? त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. लिहिलं होतं, 'हृदयविकाराचा झटका असावा.'

त्या 'असावा'साठी हे पत्र आहे.

त्या दिवशी सकाळी सहाला फोन आला. मी पोचेपर्यंत त्याला हलवलं होतं. मी कारखान्यात शिरले तेव्हा तो ज्या मागावर काम करायचा तो माग चालू होता. पुढच्या पाळीचा पोरगा तिथे उभा होता. माझ्याकडे बघून त्याने मान खाली घातली. जमीन झाडून झालेली. पंचनामा झाला तो कारखान्याच्या दाराशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. पंच दोघं, एक समोरचा चहाच्या गाडीवाला आणि दुसरा रिक्षा लावून तिथे चहा पीत थांबलेला माणूस. दोघांपैकी एकानेही आत पाऊल टाकलं नाही. 'पंचांच्या मते हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला असावा' हे वाक्य त्यांच्या नावावर लिहिलं गेलं. चहावाल्याला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, "साहेब म्हणाले सही कर, केली. मला काय कळतंय हार्टमधलं?" त्याच्यावर माझा राग नाही. कायद्याने त्याला परिसरातला प्रतिष्ठित रहिवासी म्हणून बोलावलं, पण बघायचं काय हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

दुपारी देह ताब्यात मिळाला. आंघोळ घालताना त्याचा उजवा हात माझ्या हातात होता. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या बेचक्यात ज्वारीच्या दाण्याएवढी एक खूण होती. मधे खोलगट, कडा किंचित उचललेल्या, रंग राखाडी-पांढरा. मी भावजयीला दाखवली. ती म्हणाली, "वन्सं, काल जेवायला वाढलं तेव्हा नव्हती ही." त्याच संध्याकाळी आम्ही अग्नी दिला.

शवविच्छेदन अहवालाच्या छापील नमुन्यात बाहेरच्या जखमांचा रकाना सतरावा असतो. भावाच्या अहवालात त्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं आहे. खाली मृत्यूचं कारण: 'मत राखून ठेवले. व्हिसेरा रासायनिक तपासणीसाठी जतन.' हे वाक्य मी दुसऱ्यांच्या अर्जांत शेकडो वेळा टाइप केलं आहे. त्याचा अर्थ काय, हे स्वतःवर वेळ आल्यावर दोन डॉक्टरांना विचारून समजून घेतलं. व्हिसेरा म्हणजे देहातून तपासणीसाठी काढून ठेवलेले अवयवांचे भाग. त्यांच्या रासायनिक तपासणीत विष सापडतं, दारू सापडते, औषध सापडतं. विजेचा धक्का त्यात सापडत नाही. त्यासाठी खुणेच्या जागची कातडी कापून फॉर्मालिनमध्ये ठेवावी लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. शिवाय घटनास्थळ बघावं लागतं, कारण अशी खूण पुसटही असू शकते आणि काही वेळा नसतेही. मोटर, स्टार्टर, वायरीचं वेष्टण, अर्थिंग, पायाखालची ओल हे सगळं त्याच दिवशी, माग पुन्हा चालू होण्याआधी बघायला हवं होतं.

नऊ महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला, 'विषारी द्रव्य आढळले नाही'. विष नव्हतं हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यावर अंतिम मत आलं की निश्चित कारण सांगता येत नाही. आणि पोलिसांच्या समरीत पुन्हा पंचांचाच हृदयविकार आला. म्हणजे शिकलेला डॉक्टर म्हणतो सांगता येत नाही, आणि चहावाल्याच्या सहीवरचा अंदाज शेवटचा शब्द ठरतो.

त्याला शॉक बसला असंच माझं म्हणणं नाही. मला माहीत नाही. उष्माघात असेल. सोलापूरचा एप्रिल, पत्र्याची शेड, बारा तासांची पाळी. खरोखर हृदयही बंद पडलं असेल. पण हे कोणालाच माहीत नाही, आणि माहीत करून घेणं हे कोणाचंच काम नाही, हे मला मान्य नाही.

आता व्यवस्थेबद्दल लिहिते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४. पोलिसांनी घटनास्थळी जायचं, दोन पंचांसमक्ष मृत्यूचं 'दिसणारं' कारण लिहायचं आणि अहवाल २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालच्या पेड्डा नारायण खटल्यापासून सांगितलं आहे की या चौकशीचा हेतू मर्यादित आहे. मृत्यू संशयास्पद किंवा अनैसर्गिक आहे का आणि वरवर पाहता कारण काय, एवढंच तिथे बघायचं. पोलिसांचा प्रश्न असतो, गुन्हा आहे का? नसेल तर फाइल बंद. माणूस कशाने मेला हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला आपल्याकडे धनी नाही. त्यातही पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस खात्यातल्याच अधिकाऱ्यांना दिले जातात. पोलिसाने लिहायचं, वरच्या पोलिसाने मंजूर करायचं. आमचं सोलापूर शहर आयुक्तालयाचंच आहे.

मुंबईत एकेकाळी या कामासाठी कोरोनर, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणारा अधिकारी, होता. १८७१ च्या कायद्याने अपघाती, अचानक, संशयास्पद आणि तुरुंगातले मृत्यू त्याच्यापुढे जायचे, साक्षी व्हायच्या, ज्युरी बसायची. ते पद १९९९ साली रद्द झालं. ती व्यवस्था निर्दोष होती असा माझा दावा नाही. पण ती काढली तेव्हा 'कशाने' हा प्रश्न विचारणारं दुसरं कोणी नेमलं नाही, काम पोलिसांकडेच गेलं. आणि आम्ही सोलापूरकर मुंबई इलाख्यात असूनही आम्हाला कोरोनर कधी मिळालाच नव्हता. तो कायदा मुंबई, कलकत्ता अशा शहरांपुरता होता. मुंबईकरांनी १९९९ ला जे गमावलं ते आमच्याकडे कधी आलंच नाही.

ज्या इंग्लंडकडून आपण ती पद्धत घेतली तिथे कोरोनर आजही आहे, आणि २००९ च्या कायद्याने त्याच्यावर एक जबाबदारी आहे. एखाद्या मृत्यूची चौकशी करताना पुढेही अशीच माणसं मरतील असं दिसलं, तर त्याने संबंधित कंपनीला, रुग्णालयाला, अगदी मंत्र्यालाही तसं लेखी कळवायचं. त्यांनी ५६ दिवसांत उत्तर द्यायचं. ही पत्रं आणि उत्तरं लोकांना वाचायला मिळतात. तिथेही उशीर आहे, तिथल्याही कुटुंबांच्या तक्रारी आहेत. पण निदान कोणाला पत्र लिहायचं हे तिथल्या बहिणीला ठाऊक असतं. मी तिघांना लिहिते आहे, कारण एक माणूस सापडला नाही.

माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांबद्दलही सांगते, कारण ही एकट्या माझी गोष्ट असती तर मी वैयक्तिक अर्ज केला असता.

एक वडील आले होते, अक्कलकोट तालुक्यातले. मुलगी सासरी विहिरीत सापडली. लग्नाला सात वर्षं दोन महिने झाले होते. सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर दंडाधिकाऱ्याने स्वतः चौकशी करणं कायद्याने बंधनकारक आहे. दोन महिने जास्त भरले आणि चौकशी पोलिसांच्या मर्जीवर गेली. अर्ज टाइप होत असताना ते बोटांवर महिने मोजत होते, पुन्हा पुन्हा. कुठेतरी एखादा अधिक महिना निघेल आणि हिशेब बदलेल अशी त्यांना आशा होती. मी त्यांना सांगू शकले नाही की बदलणार नाही.

एक बाई दर दोन महिन्यांनी येतात, 'व्हिसेरा अहवाल मिळणेबाबत' स्मरणपत्र करून घ्यायला. पोलीस म्हणतात प्रयोगशाळेतून आला नाही. प्रयोगशाळा म्हणते पोलीस न्यायला आले नाहीत. बरणी कुठल्या तारखेला निघाली, कधी पोचली, कोणाच्या ताब्यात होती, हे त्यांना सांगणारं कोणी नाही. मी आता त्यांच्याकडून टायपिंगचे पैसे घेत नाही.

विमा आणि अनुदानाचे कागद तर रोजचेच. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत माणूस बँकेतून वर्षाला २० रुपये कापू देतो, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. पण मृत्यू अपघाती होता हे कागदावर लागतं. 'मत राखून ठेवले' यावर दावा पुढे सरकत नाही, आणि 'हृदयविकार असावा' यावर तो संपतोच. माझ्या भावाच्या खात्यातूनही ते २० रुपये कापले जात होते. मालकाकडून भरपाई मागायची तर काम करताना अपघात झाला हे दाखवावं लागतं. विजेने झालेला अपघात वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे कळवायचा असतो, मग विद्युत निरीक्षक येऊन बघतो. पण पंचनाम्यात हृदय लिहिलं की निरीक्षकाला कोण कळवणार? एका चुकीच्या ओळीने पुढची सगळी दारं बंद होतात. त्या मागावर आज दुसऱ्याचा मुलगा उभा आहे. त्याच्या मोटरचं अर्थिंग कोणी तपासलं?

देशाचे आकडेही याच कागदांतून बनतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली 'अचानक मृत्यू' ५६ हजारांहून जास्त, त्यातले हृदयविकाराच्या झटक्याने ३२ हजारांहून जास्त. हे आकडे पोलीस ठाण्यांच्या नोंदींतून वर जातात. पुढच्या कुठल्यातरी अहवालातल्या त्या रकान्यात माझा भाऊही असेल. अशा किती जणांचा झटका डॉक्टरने ठरवला आणि किती जणांचा पंचाने? २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले फक्त सुमारे २२.५ टक्के होते. सरकार आरोग्याच्या योजना आखतं, कामगारांच्या सुरक्षेचे नियम करतं, ते कशाच्या आधारावर?

पोलीस आणि डॉक्टरांविरुद्ध मी हे लिहीत नाही. भावाचा तपास ज्या हवालदारांकडे होता त्यांच्याकडे त्या दिवशी आणखी दोन एडी होत्या आणि बंदोबस्तही. ज्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं त्यांना घटनास्थळाचा एक फोटोसुद्धा मिळाला नव्हता. हातात होता तो पंचनाम्याचा कागद, आणि त्यावर आधीच हृदय लिहिलेलं. ग्रामीण रुग्णालयांत तर सकाळी ओपीडी बघणारा, बाळंतपण करणारा डॉक्टरच दुपारी शवविच्छेदनाला उभा राहतो. न्यायवैद्यकाचं खास शिक्षण त्याने घेतलेलं नसतं. कापण्या-शिवण्याचं काम बहुतेक ठिकाणी चतुर्थ श्रेणीतला माणूस करतो, त्यालाही कोणी रीतसर शिकवलेलं नसतं. या माणसांना दोष देऊन मला काही मिळणार नाही.

नव्या संहितेत कलम १७६ मध्ये चांगली तरतूद आली की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं. पण गुन्हा आहे की नाही हेच ठरायचं असतं तिथे तज्ज्ञ येत नाही. तसंच कलम १९३ प्रमाणे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवायची असते. एडीमध्ये फिर्यादी कोण? भावाच्या फाइलमध्ये खबर देणारा म्हणून कारखान्याच्या मुकादमाचं नाव आहे. माझ्या भावजयीचं नाव त्या फाइलमध्ये कुठेही नाही. 'मयताची पत्नी' एवढंच एका ठिकाणी आहे.

म्हणून माझ्या मागण्या.

जिल्हाधिकारी साहेब, तुमच्यापासून सुरुवात करते, कारण तुम्हाला नवा कायदा लागत नाही. नव्या संहितेच्याच कलम १९६ प्रमाणे दंडाधिकारी कोणत्याही अनैसर्गिक मृत्यूची स्वतः चौकशी करू शकतो. काही प्रकरणांत ती सक्तीची आहे, बाकीच्यांत मुभा आहे. ती मुभा वापरा. कामाच्या ठिकाणी झालेला प्रत्येक मृत्यू आणि डॉक्टरने मत राखून ठेवलेला प्रत्येक मृत्यू, अकराही तालुक्यांत आणि शहरात, महसूल खात्यातल्या दंडाधिकाऱ्याने बघावा असा आदेश काढा. त्या कलमात नातेवाइकांना कळवण्याची आणि चौकशीला हजर राहू देण्याची तरतूद आहे, ती पाळली जावी. कामावर मृत्यू झाला तर घटनास्थळ बघून होईपर्यंत यंत्र चालू करू देऊ नका, आणि विद्युत निरीक्षक व औद्योगिक सुरक्षा खात्याला त्याच दिवशी कळवा, पंचनाम्यात काहीही लिहिलेलं असो.

गृहमंत्री महोदय, प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांच्या हाताखाली नसलेला मृत्यू-चौकशी अधिकारी नेमण्याचा कायदा करा. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, राज्य राष्ट्रपतींच्या संमतीने दुरुस्ती करू शकतं. त्याच्याबरोबर न्यायवैद्यक शिकलेला डॉक्टर असावा. देह बघण्याचा, जागा बंद करण्याचा, कोणती तपासणी करायची हे ठरवण्याचा, साक्षीला बोलावण्याचा अधिकार त्याला असावा. आणि 'कारण समजले नाही' असं लिहायचं असेल तर ते समजण्यासाठी काय काय केलं तेही त्याला लिहावं लागावं. सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात कोण कुठे कशाने गेलं याचा अहवाल त्याने नावं वगळून दरवर्षी प्रसिद्ध करावा, आणि धोका दिसला तर संबंधितांना लेखी कळवून ठरलेल्या मुदतीत उत्तर मागावं. हा कायदा होईपर्यंत एक साधी गोष्ट करा. एडी बंद करण्याआधी घरच्यांना लेखी नोटीस द्या आणि हरकतीला ३० दिवस द्या. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत मागितल्याशिवाय, फुकट.

आरोग्यमंत्री महोदय, शवविच्छेदन अहवाल हाताने लिहिणं कायमचं थांबवा. हरियाणात हे अहवाल संगणकावर होत आले आहेत. माझ्याकडे लोक अहवाल घेऊन येतात आणि तो टाइप करताना मला शब्द लागत नाहीत, आम्ही चौघं टंकलेखक मिळून अक्षर लावतो. प्रत्येक देहाचे फोटो काढा, हातापायाच्या तळव्यांसकट. १५ नोव्हेंबर २०२१ ला केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली तेव्हा त्याचं चित्रीकरण सांगितलं. मग दिवसाचं का नको? प्रयोगशाळेला पाठवलेल्या प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या आणि तो कुठे आहे हे घरच्यांना मोबाइलवर बघता येऊ द्या. कुरिअरचं पार्सल कळतं, माणसाचा व्हिसेरा कळत नाही. अहवालाला ६० दिवसांची मुदत घाला. आणि आमच्यात अग्नी देतात हे लक्षात घ्या. पुरलेला देह दंडाधिकारी उकरून बघू शकतो, तशी सोय कायद्यात आहे. राखेत काय बघणार? जे बघायचं ते पहिल्या दिवशीच बघून झालं पाहिजे.

शेवटची मागणी माझी स्वतःची. भावाच्या मृत्यूची बंद झालेली चौकशी दंडाधिकाऱ्यासमोर पुन्हा सुरू करा. देह नाही, पण माग तिथेच आहे. त्या रात्री पाळीला असलेले तिघं सोलापुरातच आहेत, आणि त्यांना आजवर कोणी एक प्रश्न विचारलेला नाही. उजव्या हाताचा मी मोबाइलवर काढलेला फोटो माझ्याकडे आहे. बोलावाल तिथे घेऊन येते. चौकशीअंती हृदयविकारच निघाला तर ते आम्ही स्वीकारू.

उत्तर लेखी द्यावं. ते माझ्या नावाने पाठवू नये. माझ्या भावजयीच्या पूर्ण नावाने पाठवावं, नाव-पत्ता सोबतच्या अर्जात दिला आहे.

आपली,
एक बहीण, अर्ज टंकलेखक
सोलापूर